मैदानापासून पंगतीपर्यंत : पी. बाळू यांचे जीवन

जातिव्यवस्थेने माणसामाणसांतील व्यवहार फार पूर्वीच आखून ठेवले होते. कोणाच्या हातचे पाणी चालावे, कोणाच्या पंगतीला बसावे, कोणाशी सोयरीक करावी, या साऱ्याचे नियम ठरलेले होते आणि ते मोडणाऱ्याला वाळीत टाकण्याची शिक्षाही ठरलेली होती. अठराव्या शतकात इंग्रजांबरोबर क्रिकेटचा खेळ या देशात आला आणि रूढीच्या पोथीत ज्याची नोंदच नव्हती असा एक नवा व्यवहार सुरू झाला. या खेळात एकच चेंडू अकरा जणांच्या हातांतून फिरतो. तो चेंडू चामड्याचा असतो, आणि चामडे कमावणाऱ्यांना ज्या समाजाने अस्पृश्य ठरवले होते त्याच समाजातील उच्चवर्णीय तरुण तो आनंदाने झेलू लागले होते. या विसंगतीतून जी फट निर्माण झाली तिच्यातून एका चर्मकार तरुणाने मैदानात पाऊल टाकले. त्यांचे नाव बाळू बाबाजी पालवणकर. क्रिकेटच्या जगाने त्यांना पी. बाळू या नावाने ओळखले.

पालवणकर कुटुंब मूळचे कोकणातील पालवण गावचे. गावावरूनच आडनाव पडले. बाळूंचा जन्म 1876 च्या सुमारास धारवाड येथे झाला. वडिलांची नोकरी लष्कराशी निगडित असल्याने कुटुंब लवकरच पुण्यास आले आणि बाळूंचे बालपण छावणीच्या सान्निध्यात गेले. लष्करी अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि झिजलेले चेंडू हेच बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम यांचे पहिले क्रीडासाहित्य. पुढे गणपत आणि विठ्ठल हे आणखी दोन भाऊही याच खेळात उतरले आणि चौघेही हिंदू संघाकडून खेळले. एकाच घरातील चार भावांनी एवढी मजल मारावी ही गोष्ट कोणत्याही काळात नवलाची. त्या काळात अस्पृश्य मानलेल्या घरातून ती घडावी हे तर अधिकच नवलाचे.

बाळूंची पहिली नोकरी पुण्यातील पारशी क्रिकेट क्लबात होती. खेळपट्टी झाडावयाची, तिच्यावर रूळ फिरवावयाचा आणि सवड मिळेल तेव्हा सभासदांना सरावासाठी चेंडू टाकावयाचे, असे कामाचे स्वरूप. पगार महिना 3 रुपये. 1892 च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात कामास लागले. तेथे सरावाच्या जाळ्या उभारणे आणि मैदानाची निगा राखणे ही कामे होतीच. परंतु ट्रास्क नावाच्या एका इंग्रज सभासदाने त्यांना गोलंदाजी करण्यास उत्तेजन दिले आणि त्यांच्या आयुष्याला वळण लागले. बाळू डावखुरे, संथ गतीचे फिरकी गोलंदाज. चेंडूला कधी उंची द्यावयाची, कधी तो सपाट टाकावयाचा, कोणत्या फलंदाजाला पुढे खेचून चकवावयाचे, हे सारे ज्ञान त्यांनी जाळीत रोजच्या राबणुकीतून मिळवले. पुढे हॅम्पशायर कौंटीकडून खेळलेले नामांकित फलंदाज जे. जी. ग्रेग हे इतरांच्या आधी मैदानावर येऊन केवळ बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करीत. ग्रेग प्रत्येक वेळी बाद झाल्यावर बाळूंना आठ आणे देत, अशी आख्यायिका आहे.

या शिक्षणाला एक मर्यादा मात्र होती. क्लबात फलंदाजी हा साहेबांचा मान होता आणि गोलंदाजी हे चाकराचे कष्ट. तासन्‌तास चेंडू टाकणाऱ्या या तरुणाच्या हाती बॅट देण्याचा विचार कोणाच्याही मनात आला नाही. बाळूंनी जे मिळाले त्यालाच हत्यार बनवले. कष्ट म्हणून सोपवलेल्या कामात त्यांनी एवढे प्रावीण्य मिळवले की पुढे इंग्रज समीक्षक त्यांची तुलना इंग्लंडचा थोर डावखुरा गोलंदाज विल्फ्रेड ऱ्होड्स याच्याशी करू लागले.

त्या वेळी पुण्यातील हिंदू खेळाडूंना युरोपियन संघावर विजय मिळवण्याची मोठी उमेद होती. तो विजय ज्याच्या बोटांत होता तो माणूस मात्र जातीने अस्पृश्य होता. संघातील काही जणांचा त्यांच्या समावेशास पाठिंबा होता, तर काहींचा कडवा विरोध. अखेर विजयाची आकांक्षा विटाळाच्या भीतीपेक्षा प्रबळ ठरली आणि बाळूंना संघात घेण्यात आले. परंतु ही स्वीकृती मैदानाच्या सीमारेषेपर्यंतच होती. चहापानाची वेळ झाली की इतर खेळाडू पॅव्हेलियनमध्ये जात आणि बाळूंना बाहेर, फेकून देण्याच्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणाच्या वेळी त्यांचे पान वेगळे मांडले जाई. हातपाय धुण्यासाठी पाणी हवे असल्यास ते त्यांच्यासारख्याच अस्पृश्य मानलेल्या नोकराने आणून द्यावयाचे. ज्या हाताने फेकलेला चेंडू यष्टिरक्षक आणि क्षेत्ररक्षक निःशंकपणे झेलत, त्याच हाताचा स्पर्श पेल्याला झालेला त्यांना चालत नसे. खेळ सुरू असेतो बाळू संघाचे आधारस्तंभ असत. खेळ थांबला की ते पुन्हा गावकुसाबाहेर जात.

ही विसंगती डोळस माणसांच्या नजरेतून सुटली नाही. साताऱ्याच्या युरोपियन जिमखान्याविरुद्ध झालेल्या सामन्यात बाळूंनी 7 बळी घेऊन पुण्याच्या संघाला विजय मिळवून दिला. त्यानंतर पुण्यात त्यांचा जाहीर गौरव झाला तेव्हा न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी त्यांना हार घातला आणि ज्याच्याबरोबर खेळता येते त्याच्याबरोबर खाण्यापिण्यास हरकत का असावी, असा रोकडा सवाल आपल्या ज्ञातिबांधवांपुढे ठेवला, असे सांगतात. लोकमान्य टिळकांनीही एका सभेत बाळूंच्या कर्तृत्वाची प्रशंसा केली होती. सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर या दोन पुढाऱ्यांचे मतभेद जगजाहीर होते. एका गोलंदाजाच्या कौतुकात मात्र दोघांचा सूर जुळला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाळू मुंबईत आले. काही काळ लष्कराच्या पलटणीत आणि नंतर बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत त्यांनी नोकरी केली. मुंबईत 1894 मध्ये परमानंददास जीवनदास हिंदू जिमखाना स्थापन झाला होता. तेथेही प्रारंभी कुरबूर झाली, पण बाळूंच्या गोलंदाजीपुढे ती फार काळ टिकली नाही. शिवरामही त्यांच्या पाठोपाठ संघात आले. मुंबईतील सभासद पुण्याच्या मानाने पुढे गेले होते. येथे हळूहळू वेगळे पान मांडण्याची प्रथा गळून पडली आणि पालवणकर बंधू इतर खेळाडूंबरोबर एकाच टेबलावर जेवू लागले. हा बदल कोणत्याही ठरावाने किंवा परिषदेने घडवला नव्हता. दिवसभर एका संघात घाम गाळणाऱ्या माणसांना सायंकाळी वेगवेगळे बसण्याची लाज वाटू लागली होती.

फेब्रुवारी 1906 मध्ये मुंबईत हिंदू आणि युरोपियन या संघांचा सामना झाला. बंगालच्या फाळणीला काही महिनेच लोटले होते. स्वदेशीची चळवळ देशभर पेटली होती. ज्या बॉम्बे जिमखान्यात हिंदी माणसाला सभासद होता येत नसे, त्याच्याच मैदानावर हिंदू संघाने पहिल्या डावात 242 आणि दुसऱ्या डावात 160 धावा केल्या. युरोपियनांचे डाव 191 आणि 102 धावांवर संपले. 109 धावांच्या या विजयात बाळूंचा वाटा 8 बळींचा होता. शहरभर जल्लोष झाला. परंतु या विजयाचा खरा अर्थ इंडियन सोशल रिफॉर्मर या सुधारणावादी पत्राने सांगितला. पुण्यात बाहेर बसून चहा पिणाऱ्या खेळाडूपासून मुंबईत सर्वांबरोबर जेवणाऱ्या खेळाडूपर्यंत झालेला प्रवास त्या पत्राने वाचकांपुढे मांडला आणि तो राष्ट्राच्या मुक्तीच्या वाटेवरील एक टप्पा मानला. युरोपियनांच्या पराभवाइतकाच हिंदू समाजाने स्वतःच्या रूढीवर मिळवलेला विजय महत्त्वाचा, हे त्या लेखनाचे सार होते.

1911 मध्ये पतियाळाचे महाराजा भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. संघात बाळू आणि शिवराम हे दोघेही होते. बाळूंचे वय पस्तिशीच्या घरात गेले होते आणि खांदा दुखत होता. दौऱ्यात संघाच्या वाट्याला विजयापेक्षा पराभवच अधिक आले, पण बाळूंच्या कामगिरीने सारे इंग्लंड स्तिमित झाले. त्यांनी सर्व सामन्यांत मिळून 18.84 च्या सरासरीने 114 बळी घेतले. लेस्टरशायरवरील विजयात त्यांनी 11 गडी बाद केले. सॉमरसेटविरुद्ध संघ एक गडी राखून जिंकला तो शिवरामच्या नाबाद शतकाच्या बळावर. महाराजांच्या संघाची लाज राखली ती मैदानाची झाडलोट करीत मोठ्या झालेल्या दोन भावांनी.

दौऱ्याहून परतल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्या प्रसंगी अर्पण करण्यात आलेले मानपत्र एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या एका तरुणाने लिहिले होते. त्या तरुणाचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. ज्या समाजाला वीरपुरुष म्हणून दाखवण्यासाठी समकालीन नावच नव्हते, त्या समाजाला बाळूंच्या रूपाने ते नाव मिळाले होते. आपल्यातील एक माणूस सर्वांसमक्ष, दिवसाढवळ्या, कोणाच्याही मेहेरबानीवाचून श्रेष्ठ ठरू शकतो, याचा तो डोळ्यांनी पाहिलेला पुरावा होता.

मात्र बळींच्या संख्येने सारीच दारे उघडत नाहीत, याचा प्रत्यय बाळूंना पुढील काळात आला. 1907 मध्ये हिंदू, पारशी आणि युरोपियन यांची तिरंगी स्पर्धा सुरू झाली आणि 1912 मध्ये मुस्लिम संघ आल्यावर ती चौरंगी झाली. संघातील सर्वांत ज्येष्ठ व यशस्वी खेळाडू असूनही बाळूंना कर्णधारपद देण्यात आले नाही. खेळपट्टीवर कष्ट करणारा अस्पृश्य चालत होता, पंगतीला बसणाराही चालू लागला होता. परंतु ज्याच्या आज्ञेने ब्राह्मण खेळाडूंनी जागा बदलाव्या असा अस्पृश्य मात्र अजून चालत नव्हता. 1913 मध्ये एम. डी. पै यांची कर्णधारपदी निवड झाली. हा मान आपले मित्र बाळू यांचा होता, असे पै यांनी आपल्याच सत्काराच्या सभेत मोकळेपणाने सांगून टाकले. त्यांच्या मनाचा मोठेपणा यातून दिसला. निवड करणाऱ्यांचे मन मात्र बदलले नाही.

1920 मध्ये हा प्रश्न हातघाईवर आला. बाळूंना संघातून वगळण्यात आले आणि पै आजारी पडल्यावर कर्णधारपद विठ्ठल यांच्याकडे न देता अनुभवाने त्यांच्याहून कमी असलेल्या एका उच्चवर्णीय खेळाडूकडे सोपवण्यात आले. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल यांनी संघातून माघार घेतली व त्यामागची कारणे वृत्तपत्रांतून जाहीर केली. गुणवत्तेला डावलून जातीला मान दिला जात आहे, हे त्यांनी स्पष्ट शब्दांत लोकांपुढे ठेवले. देशात त्या वर्षी असहकाराचे वारे वाहत होते आणि अस्पृश्यता नष्ट झाल्याखेरीज स्वराज्य नाही, असे महात्मा गांधी सांगत होते. पालवणकर बंधूंचा हा असहकार मैदानावरचा होता. वीस वर्षे निमूटपणे बळी घेऊन जे मिळाले नव्हते ते या नकाराने मिळवले. लोकमत बंधूंच्या बाजूने वळले. पारशी संघाविरुद्धच्या अंतिम सामन्यात पालवणकर बंधू परतले, बाळूंना उपकर्णधार करण्यात आले आणि पै मैदानाबाहेर असताना काही काळ संघाची सूत्रे बाळूंच्या हाती आली. चव्वेचाळिसाव्या वर्षी, कारकिर्दीच्या अखेरीस, तेवढाच काळ ते नेतृत्व करू शकले.

तीन वर्षांनी जे घडले ते मात्र निर्विवाद होते. 1923 मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्याच हंगामात संघाने युरोपियनांना हरवून अजिंक्यपद मिळवले. विजयानंतर प्रेक्षकांनी विठ्ठल यांना खांद्यावर उचलून घेतले. ज्याच्या सावलीचाही विटाळ मानला जाई अशा समाजातील माणसाला सर्व जातींच्या लोकांनी खांद्यावर घेतल्याचे ते दृश्य हजारोंनी पाहिले. विठ्ठल यांनी पुढे 1948 मध्ये माझे क्रीडा-जीवन हे आत्मचरित्र लिहिले, त्यामुळे या घराण्याची कहाणी मराठीत नोंदली गेली.

खेळातून निवृत्त झाल्यावर बाळू सार्वजनिक कार्यात उतरले, आणि येथे त्यांच्या जीवनातील सर्वांत अवघड अध्याय सुरू होतो. दलितांच्या उद्धाराचा मार्ग कोणता, या प्रश्नावर त्यांचे आणि डॉ. आंबेडकरांचे मत जुळेना. 1932 मध्ये स्वतंत्र मतदारसंघांच्या प्रश्नावर गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात उपोषण आरंभले, तेव्हा बाळू तडजोडीच्या बाजूने उभे राहिले. 24 सप्टेंबर 1932 च्या पुणे करारावर इतर नेत्यांबरोबर त्यांचीही स्वाक्षरी आहे. 1935 मध्ये येवले येथे डॉ. आंबेडकरांनी हिंदू धर्म सोडण्याचा निर्धार जाहीर केला, तोही बाळूंना रुचला नाही. 1937 च्या मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने बाळूंना थेट डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले. ज्याने एके काळी मानपत्र लिहिले आणि ज्याच्यासाठी ते लिहिले, ते दोघे एकमेकांसमोर ठाकले. डॉ. आंबेडकरांना 13,245 मते पडली, बाळूंना 11,225.

या मतभेदाला केवळ पक्षीय राजकारण म्हणणे दोघांवरही अन्याय करणारे ठरेल. बाळूंनी स्वतःच्या आयुष्यात मातीचे भांडे जाऊन काचेचा पेला आलेला पाहिला होता, वेगळे पान जाऊन सामाईक टेबल आलेले पाहिले होते. सवर्णांचे मन बदलू शकते, हा त्यांचा विश्वास अनुभवातून आला होता. डॉ. आंबेडकरांचा अनुभव वेगळा होता. एका असामान्य गोलंदाजाला पंगतीत जागा मिळाली म्हणून खेड्यातील सामान्य अस्पृश्याला पाणवठा खुला झाला नव्हता, हे त्यांनी महाडला पाहिले होते. ज्याला 114 बळी घेता येत नाहीत त्याच्या माणुसकीचे काय, हा त्यांच्या राजकारणाचा मूळ प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर कायद्यात व राज्यघटनेतच शोधावे लागले. बाळूंच्या जीवनाने खेळाचे सामर्थ्य दाखवले तशी त्याची मर्यादाही दाखवली. खेळ मन मोकळे करू शकतो. हक्क मात्र मागावा लागतो. 1920 मध्ये शिवराम आणि विठ्ठल यांनी माघार घेतली तेव्हा मैदानावरही हेच सिद्ध झाले होते.

4 जुलै 1955 रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले. तोवर देश स्वतंत्र झाला होता आणि राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केल्याचे घोषित केले होते. भारताचा पहिला कसोटी सामना 1932 मध्ये झाला. बाळूंची कारकीर्द त्याआधीच संपली असल्याने कसोटीपटूंच्या यादीत त्यांचे नाव नाही. 33 प्रथम श्रेणी सामन्यांत 15.21 च्या सरासरीने 179 बळी, एवढीच त्यांची अधिकृत नोंद. तिच्यात पुण्याच्या पॅव्हेलियनबाहेरील मातीच्या भांड्याचा उल्लेख नाही, रानड्यांच्या हाराचा नाही आणि न मिळालेल्या कर्णधारपदाचाही नाही.

पॅव्हेलियनपासून खेळपट्टीपर्यंतचे अंतर शंभरेक पावलांचे असते. पुण्याच्या मैदानावर रूळ ओढणाऱ्या बाळूंपासून संघाचा कर्णधार म्हणून मैदानात उतरणाऱ्या विठ्ठलपर्यंत ते अंतर कापावयास पालवणकर कुटुंबाला सुमारे तीस वर्षे लागली. त्यातील पहिली आणि सर्वांत जड पावले बाळूंची होती. भारतातील क्रीडांगणांवर आज निरनिराळ्या जातींची, धर्मांची आणि भाषांची मुले एकाच संघात खेळतात आणि खेळ संपल्यावर एकाच माठातले पाणी पितात. तो माठ एके काळी वेगळा होता, हे त्यांच्यापैकी पुष्कळांना ठाऊकही नसते. ते ठाऊक असावे, एवढ्यासाठी तरी बाळू बाबाजी पालवणकर यांचे चरित्र प्रत्येक शाळेत वाचले गेले पाहिजे.